गाळपेरीचा गहूं आणि उत्तरेकडचे हंस

कार्तिकी एकादशीची वारी घरोघर परतते, रात्रीं घोंगडीवांचून भागेनासें होतें, आणि मग मार्गशीर्षाच्या सुमारास नाथसागराच्या कांठच्या गांवांत एके दिवशीं तिन्हीसांजेस आकाशांतून मोटारीच्या भोंग्यासारखा, पण किंचित् नाकांतून काढल्यासारखा आवाज ऐकूं येतो. मान वर करून पाहावें तों वीस-पंचवीस मोठे पक्षी उघडलेल्या कातरीसारखी ओळ धरून पाण्याकडून शिवाराकडे जात असतात. म्हातारीं माणसें "हंस आले" म्हणून मोकळीं होतात. ज्याचा गहूं नुकताच चार बोटें वर आला आहे, तो शेतकरी मात्र त्याच रात्रीं बाज घेऊन शेतावर निजावयास जातो.

या पक्ष्यांविषयीं हल्लीं जें लिहिलें जातें, तें बहुतेक दुर्बीण व कॅमेरा घेऊन येणाऱ्या शहरवासी रसिकांनीं लिहिलेलें असतें. त्यांत पक्ष्याचें सौंदर्य असतें, हिमालय असतो, शेत नसतें. उलट गांवच्या पारावर जें बोललें जातें त्यांत शेत असतें, पण पक्षी नेमका कोणता, त्यानें खाल्लें काय आणि नासलें किती, याचा पत्ता नसतो. मीं महसूल खात्यांत कारकुनी करून आयुष्याचीं बरींच वर्षें पंचनामे लिहिण्यांत घालविलीं. सबब स्तुति आणि फिर्याद दोन्ही बाजूस ठेवून या पाहुण्याचा रीतसर पंचनामा करावा, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

प्रथम ओळख. राजहंस हें नांव आपल्याकडे इतक्या पक्ष्यांस दिलें जातें कीं, त्यावरून कांहींच बोध होत नाहीं. कोणी गुलाबी रोहित पक्ष्यास राजहंस म्हणतो, कोणी बागेंतल्या पांढऱ्या पाळीव हंसास. दख्खनच्या जलाशयांवर हिंवाळ्यांत येणारा जो रानहंस, त्यास पक्षिशास्त्राच्या मराठी पुस्तकांत पट्टकादंब असें नांव आहे. अंग राखी, डोकें पांढरें, चोंच व पाय नारिंगी-पिंवळे, आणि डोक्याच्या मागल्या अंगास दोन आडव्या काळ्या रेघा: एक या डोळ्यापासून त्या डोळ्यापर्यंत वळसा घालून गेलेली, दुसरी तिच्याखालीं मानेवर. या दोन रेघा दिसल्या कीं दुसरा पुरावा नको. नर व मादी दिसावयास सारखींच. वजन दोन ते तीन किलोपर्यंत भरतें. त्याचाच भाऊबंद कलहंस. त्याच्या डोक्यावर रेघा नसतात व चोंच गुलाबी असते. पण आपल्याकडे त्याची संख्या थोडी. चक्रवाक, म्हणजे ज्यास कित्येक ठिकाणीं ब्राह्मणी बदक म्हणतात तो तांबूस-नारिंगी पक्षी, या हंसांच्या संगतीनें त्याच शेतांत उतरतो, आणि त्याचें पाप पुष्कळदां हंसाच्या माथीं मारलें जातें.

हा पक्षी आपल्याकडे अंडीं घालीत नाहीं. त्याचें घर लडाखमधील त्सो मोरीरी व त्सो कर हीं सरोवरें, तिबेटचें पठार, चीनमधील छिंगहाय सरोवर, किरगिझस्तान व मंगोलिया या मुलखांत आहे. त्सो मोरीरी समुद्रसपाटीपासून सुमारें ४,५०० मीटर उंचीवर आहे. तेथें उन्हाळ्यांत बेटांवर, जमिनीवरच घरटें करून मादी चार ते सहा अंडीं घालते व महिनाभर उबवते. पुढें जुलैच्या सुमारास मोठ्यांचीं पंखांतील पिसें गळतात, आणि नवीं येईपर्यंत कित्येक आठवडे त्यांस उडतां येत नाहीं. थंडीनें सरोवरें गोठूं लागलीं कीं सर्व परिवार दक्षिणेची वाट धरतो, आणि या वाटेवर हिमालय आडवा आहे.

हा पक्षी एव्हरेस्टच्या माथ्यावरून उडतो अशी गोष्ट आवडीनें सांगितली जाते. पक्ष्यांच्या अंगावर लहान यंत्रें बांधून जे शोध झाले, व ज्यांचे निष्कर्ष सन २०११ ते २०१५ च्या दरम्यान प्रसिद्ध झाले, त्यांत वेगळें दिसून आलें. सर्वांत उंच नोंद सुमारें ७,२९० मीटरची मिळाली खरी. परंतु बहुतेक प्रवास डोंगराच्या चढ-उताराला धरून, दऱ्याखिंडींतून, आणि रात्रीं किंवा पहांटे हवा थंड व दाट असतांना होतो. वसंतांत उत्तरेस परततांना कित्येक पक्षी सात-आठ तासांत सबंध चढ चढून गेलेले आढळले. विरळ हवेंतूनही प्राणवायु चटकन् शोषून घेण्याचा गुण त्यांच्या रक्तांत आहे. आमच्या गाडीवानांसही हीच अक्कल असते. शिखरावरून कोणी गाडी नेत नाहीं, खिंडीनें नेतो. मेघदूतांत हिमालयांतील एका खिंडीस हंसांचें द्वार म्हटलें आहे, तें यंत्रांच्या आधींच कोणाच्या तरी नजरेस पडलें असलें पाहिजे.

आतां आपल्या शिवारांत येऊं. जायकवाडी धरणाची कोनशिला सन १९६५ मध्यें बसविली गेली व १९७६ मध्यें तें राष्ट्रास अर्पण झालें. त्याचा नाथसागर पूर्ण भरला म्हणजे सुमारें ३५० चौरस किलोमीटर भुई पाण्याखालीं जाते. पैठण, गंगापूर, शेवगांव व नेवासें या तालुक्यांतील ही भुई ताटासारखी सपाट असल्यामुळें जलाशय अफाट पण उथळ झाला आहे. कालव्यांस पाणी सुटून पातळी हातभर उतरली कीं कांठ शेंकडों पावलें मागें सरतो. सन १९८६ मध्यें या जलाशयास पक्षी अभयारण्य ठरविण्यांत आलें. भीमेवरील उजनी धरण १९८० मध्यें पुरें झालें, त्याच्या फुगवट्यावरही हीच तऱ्हा आहे. निफाड तालुक्यांतील नांदूर मध्यमेश्वरचा बंधारा तर याहून किती तरी जुना. तेथील पाणथळीस सन २०२० मध्यें महाराष्ट्रांतील पहिलें रामसर स्थळ म्हणून मान मिळाला. पण हंस आणि शेतकरी यांचें भांडण जेवढें नाथसागराच्या व उजनीच्या उघड्या कांठावर दिसतें, तेवढें दुसरीकडे दिसत नाहीं. आणि त्याचें कारण गाळपेर.

वाचकांपैकीं ज्यांस धरणाचा शेजार नाहीं त्यांच्यासाठीं सांगतों. पाणी ओसरून जी गाळाची भुई उघडी पडते, तिच्यावर केलेल्या पेरणीस गाळपेर म्हणतात. तेथें नांगरट थोडी, खत जवळजवळ नाहीं, ओल आयती. गहूं, हरभरा, कोठें कोठें ज्वारी अशीं पिकें घेतात. ही भुई धरणासाठीं संपादन झालेली असल्यामुळें सात-बाराच्या उताऱ्यावर ती सरकारची. हंगामापुरती लावून देतांना ज्यांच्या जमिनी बुडाल्या त्या धरणग्रस्तांस अग्रहक्क देण्याची पद्धत आहे. म्हणजे कित्येक ठिकाणीं आजा ज्या वावराचा धनी होता, तेंच वावर नातू आज पाणी उतरल्यावर चार महिन्यांच्या बोलीनें कसतो. पाणी अवेळीं चढलें तर पीक गेलें, त्याची दाद कोणाकडे मागावयाची नाहीं. पिकांच्या नुकसानभरपाईच्या नियमांचा रोख रानडुक्कर, हरिण, रोही अशा जनावरांकडे. परक्या मुलखांतून आलेल्या पक्ष्यानें सरकारी भुईवरचा गहूं खाल्ला, तर त्याचे पैसे पदरांत पडणें दुरापास्त आहे. तेव्हां ज्याचें त्यानेंच राखलें पाहिजे, आणि राखावयाचें तर पक्ष्याची रीत समजून घेतली पाहिजे.

हंस हा गुरासारखा चरणारा पक्षी आहे. पण त्यास गुराचें पोट नाहीं. गाय रवंथ करून गवताचा कस काढते. हंसाच्या पोटांतून तोच घांस थोड्याच तासांत बाहेर पडतो, व त्यांतील रस तेवढा अंगीं लागतो. म्हणून त्यास सारखें खावें लागतें आणि जें कोंवळें, रसाळ असेल तेंच तो शोधतो. नदीकांठचें गवत हें त्याचें मूळचें अन्न. त्याच्या जोडीला गहूं, हरभरा, भाताचे व इतर धान्याचे सांडलेले दाणे. माणसांची वर्दळ असेल तेथें तो दिवसा उथळ पाण्यांत किंवा बेटावर विसावा घेतो, तिन्हीसांजेस चरावयास निघतो व उजाडण्याच्या सुमारास परततो. चांदणें असलें तर रात्रभर चरणें चालतें.

गव्हाची गोष्ट अशी कीं, पेरणीपासून चाळीस-पंचेचाळीस दिवसांनीं कांडें धरीपर्यंत त्याचा वाढीचा कोंब जमिनीच्या आंत असतो. वरचें पातें खुडलें गेलें तरी कोंब शाबूत राहतो व पुन्हां पातें फुटतें. चांगलीं मुळें धरलेल्या, फुटवे येऊं लागलेल्या गव्हावर हंस एखाद-दुसरी रात्र चरून गेले तर शेत भुंडें दिसतें, धन्याचा जीव खालवर होतो. पण पाणी व थंडी यांची साथ असल्यास पंधरवड्यांत तें पुन्हां हिरवें होतें. याच्या उलट, पहिल्या दोन-तीन आठवड्यांत, मुकुटमुळें सुटण्यापूर्वीं, रोप मऊ गाळांत नुसतें टेकून उभें असतें. तें हंसानें ओढलें कीं मुळासकट हातीं येतें. तेथें पुन्हां फुटण्यास कांहीं उरत नाहीं. त्याच तुकड्यावर थवा रात्रीमागून रात्रीं येत राहिला, तर मुळें धरलेलें रोपही खचतें. आणि कांडें धरल्यावर कोंब जमिनीच्या वर येतो. मग चोंचीखालीं गेलेली ताटी ओंबी देत नाहीं. हरभऱ्याचें थोडें निराळें आहे. आपण स्वतःच त्याची खुडणी करतों, म्हणून शेंडा गेल्यानें तो बिघडत नाहीं, उलट फांद्या धरतो. उपटला गेला तर मात्र गेला.

गाळपेरीचें दुर्दैव नेमकें येथें आहे. वरच्या मळ्यांत पेरणी एकदांच होते आणि सारें पीक एका वयाचें असतें. गाळपेरींत पाणी जसजसें मागें हटेल तसतशी पट्टी-पट्टीनें पेरणी होते. त्यामुळें पाण्याला लागून असलेली सर्वांत खालची पट्टी नेहमीं सर्वांत कोंवळी, तिचा गाळ सर्वांत मऊ, आणि हंसाच्या विसाव्याच्या जागेपासून ती सर्वांत जवळ. शिवाय पाण्याच्या कडेस जें हिरवें गवत उगवावयाचें, तेंच नांगराखालीं गेलेलें. त्या पाहुण्यापुढें आपणच ताट वाढून ठेवतों आणि मग जेवला म्हणून रागावतों, असें म्हटलें तर कित्येक बंधूंस तें कडू लागेल. पण मला तरी याशिवाय दुसरें दिसलें नाहीं.

नुकसान झालेलें दिसलें तर तें कोणाचें काम, हें उजाडतां-उजाडतां पाहावें. ऊन चढल्यावर पुरावा सुकतो. हंसाचें पाऊल तीन बोटांचें व बोटांमध्यें कातड्याचा पडदा असलेलें, चिखलांत स्पष्ट उमटतें. त्याची विष्ठा बोटाएवढी लांबट, हिरवट व एका टोकास पांढरी असते आणि चरला तेथें ती विखुरलेली सांपडतेच. करकोचा आला असेल तर पावलास पडदा नसतो, आणि दाणे उकरल्याचे खड्डे दिसतात. सशाच्या लेंड्या गोल, हरणाचा खूर कोणासही कळतो. हरभऱ्याचें रोप जमिनीलगत कापून तेथेंच सुकत पडलें असेल व आसपास विष्ठा नसेल, तर अळीचा संशय घ्यावा आणि माती उकरून पाहावी.

नोकरींत असतांना एका धरणाच्या कांठचा असा तक्रारअर्ज आमच्याकडे आला होता. सबंध पट्टी हंसांनीं नेली असें त्यांत लिहिलेलें. तलाठ्यांस बरोबर घेऊन पहांटे गेलों. वरच्या बाजूस पावलें व विष्ठा भरपूर, पण रोपें जिवंत. पातीं तेवढीं गेलेलीं. मधल्या भागांत रोपें उपटून पडलेलीं. तें नुकसान निखळ हंसांचें होतें, त्यांत वादच नव्हता. अगदीं खालीं मात्र पाय घोट्यापर्यंत रुतत होता, गहूं पिंवळा पडला होता आणि उपटून पाहिला तों मुळें काळीं, कुजलेलीं. तेथें पाणी सांचून राहिलें होतें. त्या डबक्यांत हंस बसलेले लोकांनीं रोज पाहिले, म्हणून तेंही हंसांच्याच नांवावर गेलें. मीं तसें सांगतांच मंडळी जराशी नाराज झाली. तेवढ्यांत त्या पट्टीची धनीण, एक वयस्क बाई, म्हणाली, "भाऊसाहेब, हंसानं खाल्लं ते लिहा, अन् पाण्यानं खाल्लं तेबी लिहा. दोघंबी धरणापायींच आले ना?" छापील नमुन्यांत पक्ष्यांसाठीं रकाना नव्हता. शेऱ्याच्या जागीं दोन्ही नुकसानी वेगवेगळ्या लिहून खालीं सर्वांच्या सह्या व त्या बाईचा अंगठा घेतला.

राखण करावयाची ती कोंवळ्या पट्टीची करावी. सगळें शिवार राखण्याचा हट्ट धरला कीं चौथ्या रात्रीं माणूस झोंपतो. हंस अतिशय सावध असतो. थवा चरत असतां कोणी तरी मान उंच करून पाहऱ्यास उभा असतोच. म्हणून तिन्हीसांजेस थवा उतरण्यापूर्वींच माणूस व कुत्रें शेतांत फिरतें असलें, तर तो दुसरीकडे वळतो. एकदां उतरून चोंच लावल्यावर हांकलणें कठीण जातें. बुजगावणें व चमकणाऱ्या फिती पहिले कांहीं दिवस काम देतात. जागा व कपडे बदलले नाहींत तर हंस त्यांच्या सांवलींत चरतो. एकट्या-दुकट्यानें राखण करण्यापेक्षां लागून असलेल्या पट्ट्यांच्या लोकांनीं पाळ्या लावाव्या, नाहीं तर एकाचा थवा दुसऱ्याच्या गव्हांत ढकलण्यापलीकडे कांहीं साधत नाहीं व भाऊबंदकी तेवढी वाढते.

याहून महत्त्वाचा उपाय पेरणीच्या वेळचा आहे. पाण्याच्या अगदीं कडेची वीस-पंचवीस पावलें भुई पेरूंच नये. तेथें गवत येऊं द्यावें. त्या भुईंत बी कुजण्याचें भय असतें व पाणी थोडें चढलें कीं ती पहिली बुडते, म्हणून सोडल्यानें तोटा फारसा नाहीं. गवत असलें म्हणजे हंस गव्हाकडे ढुंकूनही पाहणार नाहीं, असें वचन मी देत नाहीं. पण वर राखण व खालीं गवत अशी जोड असली तर त्याचा ओढा खालीं राहतो. युरोपांत हंसांसाठीं चराऊ जागा राखून बाकीच्या शेतांतून त्यांस हांकलण्याची पद्धत याच तत्त्वावर चालते. एकट्यानें पट्टी सोडून मात्र उपयोग नाहीं. शेजारी तीही पेरून टाकील! हें काम गाळपेरीच्या मोजणीच्या वेळीं सर्वांनीं मिळून ठरवावयाचें आहे, आणि आपल्यासारख्या शेतकरी संघांनीं त्यांत पुढाकार घेतला तर तें होण्यासारखें आहे. शेजारच्या कर्नाटकांत गदग जिल्ह्यांतील मागडीचें तळें या हंसांच्या हिंवाळी मुक्कामांपैकीं दक्षिणेंतील एक मोठें स्थान आहे. सन २०२४ मध्यें तें रामसर स्थळ झालें. तेथेंही भोंवतीं शेतेंच आहेत.

विषाचे दाणे टाकण्याची किंवा रात्रीं जाळीं लावण्याची गोष्ट कोणी काढली तर ती तेथल्या तेथें बंद पाडावी. सन १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें या पक्ष्यास मारणें गुन्हा आहे, आणि १९९१ च्या दुरुस्तीनंतर पूर्वींची परवान्याची पळवाटही उरलेली नाहीं. कायदा बाजूस ठेवला तरी विष हंसास ओळखत नाहीं. तेंच दाणे कोंबड्या, मोर आणि कवडे खातात, मेलेलें पांखरूं कुत्रें खातें, आणि तेंच पाणी आपलीं गुरें पितात.

ज्यांच्या घरीं कोंबड्यांचा धंदा आहे त्यांनीं आणखी एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. सन २००५ मध्यें छिंगहाय सरोवरावर बर्ड फ्लूच्या सांथींत सहा हजारांवर रानपक्षी मेले, त्यांत या हंसांची संख्या मोठी होती. डिसेंबर २०२० ते जानेवारी २०२१ या काळांत हिमाचल प्रदेशांतील पोंग धरणावर सुमारें पांच हजार पक्षी मेले, तेही बहुतेक पट्टकादंबच. आपल्याकडे फेब्रुवारी २००६ मध्यें नंदुरबार जिल्ह्यांतील नवापुरास कोंबड्यांमध्यें हा रोग निघाला. तेथें तो हंसांनीं आणला असें कोणी सिद्ध केलेलें नाहीं. पक्ष्यास दोष न देतांही खबरदारी घेतां येते. हंस बसतात त्या कांठावर पाळीव बदकें-कोंबड्या सोडूं नयेत, तेथील पाणी खुराड्यांत वापरूं नये. एकाच जागीं दोन-चार हंस मेलेले आढळले तर हात न लावतां, पोरांस जवळ जाऊं न देतां, पशुवैद्यकीय दवाखान्यास व वनखात्यास त्याच दिवशीं कळवावें. मेलेला हंस घरीं आणून शिजविणें हा तर निव्वळ अविचार होय.

फाल्गुनांत ऊन तापूं लागतें, आणि पैठणास नाथषष्ठीच्या दिंड्या येऊं लागतात त्या सुमारास हंसांचे थवे कमी होत जातात. वरच्या मळ्यांतला गहूं तोंवर काढणीस आलेला असतो. उशिराच्या गाळपेरीस अजून कांहीं दिवस लागतात, व मागें राहिलेला थवा तेथें सांडलेले दाणे वेंचतांना दिसतो. मंगोलियांतील संशोधक कांहीं हंसांच्या मानेंत अक्षरें लिहिलेला रंगीत पट्टा अडकवितात, व तसे हंस कर्नाटकांतील तळ्यांवर पाहण्यांत आले आहेत. तसा पट्टा आपल्या शिवारांत कोणास दिसला तर त्याचा रंग, त्यावरील अक्षरें, दिनांक व गांवाचें नांव एका कागदावर टिपून मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीकडे पाठवावें.